कंपनीचा डबा आम्ही का काढला नाही

नमस्कार. आपण एक स्टार देऊन लिहिलं आहे की, आमच्याकडून नवा राउटर घेऊनही फायबर कंपनीचा जुना डबा भिंतीवर तसाच आहे. मग नेट बंद पडलं, कस्टमर केअरने डबा रीसेट करून राउटरमध्ये ‘डायनॅमिक आयपी’ (म्हणजे राउटरने आपला नेटवरचा पत्ता डब्याकडून आपोआप घेणं) निवडायला सांगितलं. तेव्हापासून नेट चालतं, पण २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ च्या वर जात नाही, लँडलाइन मुकी आहे आणि गेटवरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही. घरात वयस्कर आई-वडील असताना लँडलाइन बंद राहणं किरकोळ नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डबा काढता येत नाही, कारण तो नुसता राउटर नाही. फायबरमधला प्रकाश लॅन केबलच्या सिग्नलमध्ये बदलणं, नेट घरभर वाटणं आणि टेलिफोन चालवणं, अशी तीन कामं तो करतो. हिरव्या टोकाची ती फायबर वायर आपल्या नव्या राउटरला लागतच नाही, त्याला फक्त लॅन केबल लागते. शिवाय कंपनीचं यंत्र त्या डब्याचा सिरियल नंबर ओळखूनच लाइन चालू ठेवतं. फोनची नोंदणीही डब्यातच असते आणि तिचा पासवर्ड कंपनी सहसा ग्राहकाला देत नाही. म्हणून आम्ही फक्त मधलं काम, म्हणजे राउटरचं, नव्या यंत्राकडे दिलं.

ते असं. डब्याच्या सेटिंगमध्ये वॅनच्या, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या लाइनच्या, पानावर तीन नोंदी होत्या: इंटरनेट, व्हॉइस (फोनची) आणि कंपनीच्या देखरेखीची. त्यातली फक्त इंटरनेटची नोंद ‘राउट’वरून ‘ब्रिज’ केली, म्हणजे डबा नेट स्वतः न वाटता सरळ पुढे सोडतो. तिचा व्हीलॅन क्रमांक (एकाच लाइनवर नेट आणि फोन वेगळे ठेवणारा) होता तोच ठेवला आणि ती डब्याच्या ‘लॅन १’ या सॉकेटला बांधली. बाकीच्या दोन्हींना हात लावायचा नसतो; व्हॉइसची नोंद उडाली की फोन गेलाच. डब्याचं वाय-फाय बंद केलं. नव्या राउटरमध्ये पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडण्याची पद्धत), आपलं युजरनेम-पासवर्ड आणि एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप) १४९२ भरलं. व्हीलॅन तिथे मुद्दाम रिकामा सोडला, कारण तो डबाच लावतो. दोन्हीकडे भरला तर लाइन जोडलीच जात नाही.

रीसेटने हे सगळं पुसलं. कंपनीने डब्यात पुन्हा मूळ सेटिंग पाठवलं, डबा परत राउटर झाला आणि आता एकामागे एक दोन राउटर चालताहेत. ‘डायनॅमिक आयपी’ केल्यावर नेट आलं ते त्यामुळे. पण ब्रिज नसला की डब्याच्या कुठल्याही सॉकेटमधून नेट मिळतं, आणि आपण टाकलेल्या फोटोत केबल लॅन २ मध्ये आहे. आपल्या डब्यात लॅन १ एकटंच गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) आहे, बाकीची तीन १०० ची. १०० च्या सॉकेटमधून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतं, राउटर कितीही महागाचा लावा. केबल लॅन १ मध्ये घाला आणि स्पीड पाहा. तरीही ९४ च आला तर दोष बहुधा केबलचा: १०० ला आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट दबली नसेल तरी नेट चालू राहतं, म्हणून तो दोष लवकर कळत नाही.

फोनसाठी आधी डब्यावरचा फोनचा दिवा पाहा. दिवा लागलेला असेल तर बहुधा वायर चुकीच्या जागी आहे. टेलिफोनची बारीक पिन लॅनच्या रुंद सॉकेटमध्येही आरामात बसते, पण तिथे डायल टोन कधीच येत नाही. दिवा विझलेला असेल तर रीसेटनंतर व्हॉइसची नोंदणी परत आलेली नाही आणि ती कंपनीलाच करावी लागेल. तक्रार देताना ‘नेट चालू आहे, व्हॉइस रजिस्टर होत नाही’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा रीसेटच सांगतील.

कॅमेऱ्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. दोन राउटर असताना फक्त नव्या राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत येण्याची वाट) उघडून उपयोग नाही, ब्रिज पुन्हा केला की ती अडचण जाईल. पण तेव्हा नव्या राउटरच्या वॅनचा आयपी (नेटवरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते आहे आणि बाहेरून थेट आपल्या कॅमेऱ्यापर्यंत येता येणार नाही. मग कॅमेऱ्याच्या क्लाउड अ‍ॅपवरून (कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणाऱ्या) पाहा, किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता, घ्या. तो वेगळ्या पैशाने मिळतो.

पैसे परत मागितलेत, पण वरचं तपासण्याआधी राउटर परत करू नका, त्यात दोष दिसत नाही. आमचा माणूस येऊन ब्रिज पुन्हा करून देईल, त्याचे पैसे घेणार नाही. कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड तेवढं हाताशी ठेवा. दोन्ही यंत्रं एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावीत, कारण वीज गेल्यावर डबा बंद पडला तर फोनही बंद पडेल. आणि तोवर त्या रीसेटच्या भोकात पिन घालू नका.