पक्ष नाही म्हणून राजकारण नाही?

कॅनडातल्या टोरांटो शहराच्या पालिका निवडणुकीवरचा तुमचा लेख वाचला. तिथे मतपत्रिकेवर पक्ष नसतो, लोक माणूस बघून मत देतात, असं कौतुक त्यात केलंय. कागदावर खरं आहे. पण जून २०२३ च्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत मतपत्रिकेवर १०२ नावं होती! (एकाने तर आपल्या कुत्रीला मानद महापौर करायचं वचन दिलं होतं.) एवढ्या गर्दीत माणूस बघायचा कसा? लोक ओळखीचं नाव शोधतात. ऑलिव्हिया चाऊ साधारण ३७ टक्के मतांवर निवडून आल्या. त्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाच्या माजी खासदार आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं?

शिवाय खरी दोरी ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारच्या हातात. २०१८ मध्ये ऐन पालिका प्रचारात प्रांताच्या डग फोर्ड सरकारने ठरलेल्या ४७ प्रभागांचे २५ करून टाकले. २०२१ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानेही ५ विरुद्ध ४ असं ते मान्य केलं. लेखात यावर एक ओळ नाही, हे खटकलं.

आणि मत फक्त नागरिकांना. पीआरवर (नागरिकत्व नसताना कायम राहण्याच्या परवान्यावर) राहून प्रॉपर्टी टॅक्स भरणारी आपली मराठी मंडळी मतदानाच्या दिवशी नुसती बघत बसणार. २०२२ च्या पालिका निवडणुकीत तर हक्क असलेल्यांपैकीही जेमतेम तीस टक्के लोक मतदानाला गेले होते.