नासाचं नाव घेतलं की झालं!

ऑगस्ट लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. एक, नारळीपौर्णिमेच्या शुभेच्छा. दुसरी, 'येत्या २७ ऑगस्टला आकाशात दोन चंद्र! मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, पुढचा योग २२८७ साली!' पाठवणारे आमचे मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. एमबीतला, म्हणजे कामाच्या मोजमापवहीतला, आकडा स्वतः टेप धरून तपासल्याशिवाय या माणसाने आयुष्यात कधी बिलावर सही केली नाही. मंगळाचं बिल मात्र न बघता पास.

का? तर मेसेजच्या शेवटी 'नासा' लिहिलेलं असतं.

पूर्वी 'शास्त्रात सांगितलंय' म्हटलं की पुढे कुणी बोलायचं नाही. आता त्या पाटावर नासा बसली आहे. आपल्या लोकांचा विज्ञानावर विश्वास नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. विश्वास भरपूर आहे, पण नावावर. मोजून बघायचं राहूनच जातं.

मंगळाच्या प्रकरणाची गंमत अशी की मूळ गोष्ट खरी होती. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. त्या वेळी फिरलेल्या ईमेलमध्ये म्हटलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलात तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हिशेब बरोबर आहे. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली, मग सालही गळालं आणि चंद्राएवढा मंगळ तेवढा उरला. आणि मंगळ जवळ यायची वेळ साधारण सव्वीस महिन्यांनी येते हो, दर ऑगस्टला नाही!

बरं, समजा दिसलाच तेवढा, तर? मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तो चंद्राच्या दुप्पट अंतरावर, साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा. वजनाने तो पावणेनऊ चंद्रांइतका. भरतीचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो. मी एका रविवारी पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं: एकट्या मंगळाने समुद्राला चंद्रापेक्षा थोडी जास्तच भरती आणली असती. नारळ वाहायला किनाऱ्यावर जायची गरज नव्हती, समुद्रच तो न्यायला दारात आला असता.

दिवाळीत येतो तो रंगीबेरंगी भारताचा फोटो. 'दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत.' तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकी उपग्रहांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांचा तो नकाशा आहे. १९९२ पर्यंत, १९९८ पर्यंत, २००३ पर्यंत कुठे नवे दिवे वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलंय. शेवटी २०१२ मध्ये नासानेच खुलासा केला आणि त्या दिवाळीचा खरा फोटोही दिला. त्यात भारत रोज रात्री दिसतो तसाच दिसतो. आपल्या पणत्या आणि आकाशकंदील तिथून वेगळे ओळखूही येत नाहीत. फोटो नासाचा म्हणून पुढे जातो, खुलासाही नासाचाच, तो मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

मामांना एक वेळ माफ. पण पगार घेऊन बातम्या देणाऱ्यांचं काय? २०२५ च्या जुलैत कितीतरी पोर्टलांवर झळकत होतं: '२ ऑगस्टला जग सहा मिनिटं अंधारात, शंभर वर्षांतलं सर्वांत मोठं ग्रहण!' त्या दिवशी ग्रहणच नव्हतं. ते आहे २ ऑगस्ट २०२७ ला. सहा मिनिटं तेवीस सेकंदांचा काळोख मिळणार आहे तो इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास. खग्रास दिसेल ते एका चिंचोळ्या पट्ट्यातच, आपल्याकडे खंडग्रास. आणि शंभर वर्षांतलं सर्वांत मोठं कसलं? २२ जुलै २००९ चं ग्रहण पॅसिफिकवर सहा मिनिटं एकोणचाळीस सेकंदांचं होतं. त्याचा पट्टा सुरत, वाराणसी, पाटण्यावरून गेला होता. तेव्हा बिहारमधल्या तारेगनाला गेलेले हौशी लोक ढग बघून परतले, तेही हे लिहिणारे विसरले. पंचांग उघडून बघायलाही यांना सवड नाही, पण त्याच बातमीच्या खाली 'ग्रहणात या राशींनी सांभाळा' लिहायला असते.

शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर गेले तेव्हा चॅनेलवर अठरा दिवस 'जिथे गुरुत्वाकर्षणच नाही' चाललं होतं. स्थानक चारशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-कोल्हापूर रस्त्यापेक्षा थोडंसंच जास्त. तिथपर्यंत जिना बांधून चढलात तर इथला साठ किलोचा माणूस तिथे त्रेपन्न भरेल. तरंगतात ते सतत पडत असतात म्हणून. उद्वाहनाचा दोर तुटावा तसं, फक्त पुढे जायचा वेग इतका की जमीन कधी हाती लागत नाही.

आता थोडं टोचणारं. चांद्रयान-३ 'दक्षिण ध्रुवावर' उतरलं, असं आपण सगळेच म्हणतो. २३ ऑगस्ट २०२३ ला मीही रडले होते. पण ते उतरलं सुमारे ६९ अंश दक्षिणेला, ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून जास्त दूर. पृथ्वीवर तेवढ्याच उत्तरेला नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर आहे, तिथे विद्यापीठ आहे, बस धावतात, त्याला कुणी उत्तर ध्रुव म्हणत नाही. तोवर इतक्या दक्षिणेला अलगद कुणीच उतरलं नव्हतं. एवढं खरं पुरेसं मोठं होतं, वर ध्रुव कशाला जोडायचा? हे ग्रुपवर लिहिलं तर मामा दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. गच्चीवर घेऊन गेले त्यांना. म्हटलं, मामा, हात ताठ करा आणि करंगळीने चंद्र झाका. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ माप घेतलं. मग म्हणाले, "अगं, अर्ध्या करंगळीतच संपला की!" दुसरा हात करून पाहिला. मग डोळा बदलून.

नंतर म्हणाले, "टेप आणायला हवा होता."