स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला थंड पाण्याखाली उभं करणारा मेसेज

‘स्क्लेरोडर्मा हा कातडीचा आजार. छातीत धडधडतं ते टेन्शनमुळे. सिम्पथेटिक नर्व्ह शांत करा, रोज थंड पाण्याने आंघोळ करा, गोळ्या सुटतील.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला हा आजार आहे; त्यात त्वचा कडक, जाड होत जाते आणि आतल्या अवयवांनाही झळ पोचते. तिने मला विचारलं, ‘करून बघू का गं?’ म्हणून हे लिहिते आहे.

आधी थंड पाणी, कारण खरा घात तिथे आहे. गारठा लागला की सिम्पथेटिक मज्जातंतू (ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसा) त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात. शरीरातली ऊब टिकावी म्हणून सगळ्यांच्याच बाबतीत हे होतं. पण स्क्लेरोडर्मात या बारीक वाहिन्यांच्या भिंती आधीच जाड झालेल्या असतात, आतली वाट अरुंद असते. त्या आवळल्या की बोटं पांढरी पडतात, मग निळी. हाच रेनॉडचा झटका. असं वारंवार झालं तर बोटांच्या टोकांना जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. म्हणजे जी नर्व्ह शांत करायला निघालात, तिलाच डिवचताय! शिवाय हे बोटांपुरतं नसतं. १९८०च्या दशकातच काही रुग्णांना गारवा देऊन हृदयाचे थॅलियम स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते दाखवणारी तपासणी) केले गेले, तेव्हा हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठाही तात्पुरता घटलेला दिसला.

‘कातडीचा आजार’ म्हणणाऱ्यांनी युस्टार या स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या युरोपीय नोंदणीचा २०१०चा अहवाल वाचावा. ५,८६० रुग्ण. थेट या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी २६ टक्के हृदयामुळे, मुख्यतः हार्ट फेल्युअर आणि ठोक्यांच्या अनियमिततेमुळे. हृदयाच्या स्नायूत जागोजागी चट्टे पडतात, विजेचे संदेश अडखळतात. धडधड तिथूनही येते.

टेन्शनचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. मानसिक ताणानेही रेनॉडचा झटका येतो. या रुग्णांत सिम्पथेटिकचा जोर वाढलेला आणि हृदयगतीतला नैसर्गिक चढउतार कमी झालेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. पण तो आजाराचाच भाग असू शकतो. रुग्णाला घाबरट ठरवायचं काही कारण नाही. दीर्घश्वसन खुशाल करा.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. निफेडिपिनसारखी औषधं याच आवळणाऱ्या वाहिन्या सैल ठेवतात. धडधड, धाप किंवा चक्कर सुरू झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा, आणि शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत जा. एकदा ईसीजी नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. ठोके मधूनच बिघडतात, त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टरबद्दलही (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) विचारा.