सालदाराचं साल आणि आमचं अप्रेझल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आलो होतो. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी हाणून ओट्यावर आडवा झालो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर नानांनी तो मेसेज टाकला. दोन महिन्यांत सहाव्यांदा आला असेल. मजकूर असा:

"आजच्या पोरांना एका कंपनीत दम निघत नाही. दोन-चार हजारांसाठी उड्या मारतात. आपल्या बापजाद्यांनी एकाच ठिकाणी पस्तीस वर्षं काढली. जो टिकतो त्याला कंपनी विसरत नाही. मागून पगार वाढत नाही, कामाने वाढतो. अमळनेरकरांकडून शिका, धीर धरला आणि करोडपती झाले."

खाली जोडलेले हात, आणि दोन्ही आत्यांचे अंगठे. ओट्यावर नानांसमोर तोंड उघडायची माझी छाती नाही, म्हणून इथे लिहितो. पुण्याला हिंजवडीत आयटीत अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली सात एकाच मोठ्या कंपनीत. टिकून पाहिलंय.

आधी बापजाद्यांचं. आमचे आजोबा भुसावळला रेल्वेत फिटर होते आणि खरंच पस्तीस वर्षं तिथेच होते. पण त्यांना क्वार्टर होतं, पास होता, दरवर्षी ठरलेली वाढ होती, महागाई भत्ता होता, आणि शेवटी पेन्शन. ते गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन मिळाली, त्यातून माझी इंजिनिअरिंगची पहिली फी भरली गेली. आजही केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाला मूळ पगारावर ३ टक्के वाढ आणि वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आढावा मिळतो. त्यासाठी साहेबाची मर्जी लागत नाही. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी असो की दीपनगरचं वीज केंद्र, माणसं चिकटून राहिली ती समोरचाही चिकटून राहिला म्हणून. जुनी पेन्शन १ जानेवारी २००४ पासून केंद्रात नव्याने लागणाऱ्यांना (सैन्यदलं सोडून) बंद झाली. व्यवहाराची एक बाजू काढून घ्यायची आणि दुसरी बाजू संस्कार म्हणून मागायची, हे कसं चालेल?

"उड्या मारतात." इथे मला आकडेच बोलू द्यायचेत. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण इन्फोसिसने जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्के सांगितलं होतं. मार्च २०२४ ला तेच १२.६ वर आलं. टीसीएसमध्ये सप्टेंबर २०२२ ला २१.५ होतं, मार्च २०२४ ला १२.५. आता सांगा, पावणेदोन वर्षांत आख्ख्या पिढीला दम कुठून आला? कुणी हरिपाठ सुरू केला होता का? पोरं तीच होती. २०२२ ला बाहेर मागणी होती, दार उघडं होतं, पोरं गेली. दार लागलं, पोरं बसली. चारित्र्याचा इथे काही संबंधच नाही.

आणि "दोन-चार हजार" म्हणजे किती, तेही बघा. सरासरी महागाई २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के, पुढच्या वर्षी ५.४, त्यापुढे ४.६. म्हणजे या तीन वर्षांच्या आधीचं शंभर रुपयांचं सामान साधारण ११७ रुपये ६० पैशांना झालं. या तिन्ही वर्षी ज्याला ५ टक्के वाढ मिळाली, त्याचे शंभराचे झाले ११५ रुपये ७६ पैसे. तीनदा अभिनंदनाचं पत्र घेऊन माणूस पावणेदोन रुपयांहून जास्तच खाली गेला. पुण्यातलं घरभाडं यात धरलंच तर हसू येईल.

"कंपनी विसरत नाही." विसरत नाही हे खरं, तुमचा जुना पगार तर मुळीच विसरत नाही, कारण दरवर्षीची टक्केवारी त्याच्यावरच बसते. बाहेरून येणारा मात्र बाजारभावाने येतो. जुन्यांच्या वाढीचं आणि नव्या भरतीचं बजेट वेगळं असतं. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा सोडून गेला आणि दीड वर्षाने त्याच टीममध्ये परत आला, माझ्यापेक्षा जास्त पगारावर. त्याच्या लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस मीच मंजूर केला. एचआरला विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तू तुझ्या पगाराच्या बँडच्या खालच्या टोकाला आहेस, म्हणजे तुला वाढायला खूप वाव आहे." सातव्या वर्षी राजीनामा टाकला. दुपारच्या जेवणाआधी टाकला, चहाच्या वेळेपर्यंत ३० टक्के जास्त द्यायची तयारी होती. पैसे होते तर.

"कामाने वाढतो" याबद्दल फार लिहीत नाही. जिथे रेटिंगच्या वरच्या जागा आधीच मोजून ठेवलेल्या असतात आणि मॅनेजर पट्टी घेऊन माणसं त्यात बसवतो, तिथे दहाच्या दहा जणांनी उत्तम काम केलं तरी कुणाला तरी 'सुधारणेला वाव' मिळतोच.

अमळनेरचं उदाहरण मात्र मला मनापासून आवडलं, कारण ते मेसेजच्या उलट बाजूने साक्ष देतं. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली, आणि गावातल्या लोकांनी शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, हे खरंच. पण ते श्रीमंत झाले भागधारक म्हणून. बोनस शेअर आणि लाभांश त्यांच्या खात्यात आला. केवळ पगारावर धीर धरून करोडपती झालेला माणूस नानांनी मला अमळनेरच्या बाजारात दाखवावा, मी त्याचे पाय धरीन.

एक कबूल करतो. दर आठ महिन्यांनी कंपनी बदलणारे आहेत, आणि त्यातल्या काहींना कुठलंच काम धड येत नाही. २०२२ ला दुप्पट पगारावर गेलेले दोघे मित्र पुढच्याच वर्षी घरी बसले. उडी मारणं म्हणजे शहाणपण, असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या नावाने सगळ्यांना झोडायचं, हे काही बरोबर नाही.

आणि नाना, आपल्याकडे आखाजीला काय होतं? सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं. मी दहाएक वर्षांचा असेन. याच ओट्यावर आमचा सालदार उकिडवा बसला होता. साल किती, उचल किती, ज्वारी किती पोती, चपलेचा जोड, सगळं निघालं. तुम्ही गेल्या सालाचाच आकडा धरून बसलात. तो म्हणाला, "आवंदा नही परवडस, नाना," आणि उठून टोपी नीट केली. तुम्ही त्याला गल्लीच्या तोंडावरून परत बोलावलंत. त्याला कुणी उड्या मारणारा म्हटलं नव्हतं.

मेसेज वाचून झाल्यावर मी नानांना सहज विचारलं, यंदा सालदाराला काय ठरलं. मागच्या सालापेक्षा पंधरा हजार जास्त दिले म्हणाले.

"इतके?"

"मग काय. नाही दिले तर शेजारचा पाटील टपूनच बसलाय."