गणेश मंडळाला मिळते ती मुभा अभ्यासिकेलाही मिळावी

सामाजिक संस्थांना पैसा कुठून येतो यावरचा वाद ठाण्यात गेल्यावर ऐकायला मिळाला नाही, असं कधी होत नाही. नौपाड्यातल्या माझ्या माहेरीसुद्धा जेवताना तो निघतोच. एका बाजूचं म्हणणं असं की संस्था हा पैसे खाण्याचा धंदा झालाय, बाहेरचा पैसा बंदच केलेला बरा, वस्तीतल्या मुलांचं काय ते महापालिकेनं बघावं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सरकारनं कागदपत्रांचा फास एवढा आवळलाय की चांगली कामं गुदमरताहेत. दोन्ही बाजूंना माझी जवळची माणसं आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये राहून, इथल्या एका रहिवासी गटात काम करून माझं मत असं झालंय की आपण भांडतो कोटींवरून, आणि काम अडून बसतं ते लाखाच्या आतल्या रकमेवर. त्या रकमेबद्दल कुणी बोलतच नाही.

एक उदाहरण माझ्या घरातलंच आहे. माझी मावसबहीण शाळेतून निवृत्त झाली आणि नवी मुंबईत दिघ्याच्या इलठणपाड्यातल्या बायकांच्या एका बचत गटाबरोबर तिनं अभ्यासिका सुरू केली. दहा बाय बाराची भाड्याची खोली, वर पत्रा. संध्याकाळी साडेसहा ते नऊ सातवी ते दहावीची मुलं येऊन बसतात. घरी दिवे असतात, पण टीव्ही आणि स्वयंपाक त्याच खोलीत असतो, त्यामुळे अभ्यासाला जागा नसते. खर्च महिन्याला 4,000 भाडं, वस्तीतलीच कॉलेजला जाणारी एक मुलगी गणित घेते तिला 2,000 मानधन, आणि वर्षातून एकदा फळा, पंखा, ट्यूब, वह्या मिळून 12,000. वर्षाचे झाले 84,000. सुरुवातीला बायकांनी पदरचे घातले, मग ताईनं पेन्शनमधून घातले. हे असं कायम चालणार नाही, म्हणून त्यांनी जवळच्याच एका कंपनीकडे मदत मागितली.

कंपनीकडून यादी आली. संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन, आयकर सवलतीच्या 12 ए आणि 80 जी या नोंदण्या, कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा (सीएसआर) घेण्यासाठी लागणाऱ्या सीएसआर-1 फॉर्मचा क्रमांक, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद, तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद आणि इंग्रजीत प्रस्ताव. बायकांना वाटलं, आपल्याला टाळलं. खरं तर कंपनीलाही दुसरा मार्ग नव्हता. कंपनी स्वतः काम करत नसेल आणि बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेकडून करून घेत असेल, तर त्या संस्थेकडे करसवलतीची नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, असं नियमातच आहे. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 ची नोंदणीही सक्तीची झाली.

मग नोंदणी करा, असं सगळे सांगतात. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करायची, त्यासाठी किमान सात जण हवेत. सात काय, तिथे सतरा बाया उभ्या राहतील. पण घटना आणि नियमावली लिहायला कुणी जाणकार हवा, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा हवा, घरमालकाचा ना-हरकत दाखला हवा. इलठणपाड्यातल्या खोलीच्या मालकाकडेच धड कागद नाहीत, तो ना-हरकत कशावर देणार? त्यातूनही नोंदणी झाली तर दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, आयकराच्या नोंदणीचं नूतनीकरण. सीएची फी आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा धरल्या तर वह्यांचे पैसे त्यातच संपतात. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्या न्यासाला हे सगळं लागू असावं, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. 84,000 ला तेच लागू होतं, हे मला खटकतं.

आणि पैसा तर रस्त्याच्या कडेलाच आहे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून एमआयडीसीचा पट्टा, ऐरोलीला माइंडस्पेस या आयटी पार्कच्या काचेच्या इमारती. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, आणि तीही आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. देशभरात या खात्यातून वर्षाला 25 हजार कोटींच्या वर खर्च होतो आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा आहे. तो पैसा मोठ्या संस्थांच्या मोठ्या प्रकल्पांना जातो, कारण दहा लाखांच्या प्रकल्पाची आणि ऐंशी हजारांच्या अभ्यासिकेची फाइल सारख्याच जाडीची होते. एवढ्या श्रमात मोठं काम केलेलं बरं, असं कंपनीतल्या माणसाला वाटलं तर त्याला दोष कसा देणार?

इथे बर्मिंगहॅममध्ये आमचा गट चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा सामुदायिक स्वयंपाक करतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रज बायका, सोमाली आया, पंजाबी काका, सगळे येतात. त्यासाठी आम्ही लॉटरीच्या पैशातून अनुदान देणाऱ्या नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाकडे अर्ज केला. त्यांची ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ नावाची छोट्या अनुदानांची योजना आहे. 300 पौंडांपासून पैसे मिळतात. कमाल मर्यादा 10,000 होती, ती 2023 च्या नोव्हेंबरात 20,000 पौंड केली. आमच्या गटाला धर्मादाय नोंदणीचा क्रमांक नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. गटाची लिखित घटना हवी होती, ती आम्ही दोन पानांत लिहिली. समितीत किमान दोन माणसं अशी हवीत की ज्यांचं एकमेकांशी नातं नाही. गटाच्या नावावर बँक खातं हवं आणि त्यातून पैसे काढायला नात्यात नसलेल्या दोघांची संमती हवी. घरातल्या घरात गट काढून पैसे उचलण्याची वाट तेवढ्या एका अटीनं बरीचशी बंद होते.

अर्जात विचारलेलं मला महत्त्वाचं वाटलं. तुम्ही काय करणार, हे एका प्रश्नात संपलं. हे काम करावं असं कुणी सुचवलं, ज्यांच्यासाठी करताय ती माणसं ठरवण्यात कुठे होती, यावर मात्र बारकाईनं विचारलं. तिथल्या अधिकारी बाईंनी फोन करून अर्धा तास गप्पा मारल्यासारखी चौकशी केली. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मानधन खर्चात दाखवलं होतं, त्यावर हरकत आली नाही. आपल्याकडे हीच जागा सगळ्यात अवघड असते. देणाऱ्याला वॉटर प्युरिफायर, बाकं, टॅब आवडतात, त्यावर नाव रंगवता येतं. गणित शिकवणाऱ्या मुलीच्या 2,000 वर कुणाचं नाव रंगवणार?

पण इकडचं सगळं चांगलं, असं ठाण्यातल्या माणसांना मी सांगत नाही, आणि सांगणारही नाही. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेनं 2023 च्या सप्टेंबरात आपली तिजोरी रिकामी झाल्याचं कायद्यानं जाहीर केलं. त्यानंतर वाचनालयांच्या वेळा कापल्या गेल्या, तरुणांसाठीच्या सेवांवर कात्री चालली. ज्या गोष्टी परिषदेनं करायच्या त्या आमच्यासारख्या गटांच्या गळ्यात येऊ लागल्या. अनुदान एक-दोन वर्षांचं असतं, संपत आलं की पुन्हा अर्ज, पुन्हा धाकधूक. म्हणून “महापालिकेनंच करावं” असं म्हणणाऱ्या माझ्या भावाला मी उडवून लावत नाही. शाळा, दवाखाना, पाणी हे महापालिकेचंच काम आहे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 मध्ये सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली, तीही संस्था आणि महापालिका एकत्र आल्यामुळेच. पण एका गल्लीतल्या एका खोलीच्या भाड्यापर्यंत महापालिका पोहोचत नाही. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. वस्तीतल्या बाईनं जायचं कुणाकडे?

पुण्यानं 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, अंदाजपत्रकात त्यांना जागा दिली. पाऊल चांगलं आहे. पण काम सुचवायचं नागरिकांनी आणि निविदा काढायची महापालिकेनं, त्यामुळे बाक, पदपथ, दिवे एवढ्यावरच ते फिरत राहतं. मानधन आणि भाडं त्यात बसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या पैशाचं. मी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, हातात ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड आहे. परकीय योगदान नियमन कायद्याच्या नजरेत मी परदेशी देणगीदार आहे. ती अभ्यासिका माझ्याकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. त्यानं स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहारानं दिलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. एकाच घरातले दोघं, एकाच पगाराच्या खात्यातून खर्च करणारे, पण कायदा वेगळा. इथल्या मराठी मंडळींना हा फरक बहुतेक माहीत नसतो. काही जण सुचवतात की नातेवाइकाच्या खात्यात पाठवा आणि तिथून वळवा. नातेवाइकांकडून वर्षाला 10 लाखांपर्यंत रक्कम आली तर कळवावं लागत नाही, हे खरंच आहे. पण हे कुणीही करू नये. उद्या चौकशी आली तर आपण इथे सुरक्षित असतो आणि उत्तरं द्यावी लागतात ती इलठणपाड्यातल्या बायकांना. परदेशी पैशावर लक्ष ठेवण्याचा सरकारला अधिकार आहे, त्यावर माझा वाद नाही. 2020 च्या दुरुस्तीनं मात्र परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेनं तो पुढे छोट्या संस्थेला देण्यावर बंदी आली, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका अशा छोट्या गटांना बसला. ती बंदी ठरावीक रकमेखाली तरी उठवावी, असं मला वाटतं.

पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही, कारण लहान रकमेला साजेशी देखरेख आपल्या व्यवस्थेत आधीपासूनच आहे. गणेशोत्सव जवळ आला की नोंदणी नसलेली मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 41 क खाली वर्गणीची परवानगी काढतात. ठरावीक मुदतीची परवानगी, नंतर हिशेब द्यायचा, झालं. ते कलम धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही कारणांसाठी आहे, वापर मात्र उत्सवांसाठीच जास्त दिसतो. बचत गटांचंही तसंच. गटाची कुठे नोंदणी नसली तरी बँक ठरावावर खातं उघडून देते आणि परतफेड नीट असेल तर लाखाच्या वरचं कर्ज विनातारण देते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून तर शहरी गटाला 10,000 रुपयांचा फिरता निधी आणि अशा गटांच्या वस्तीस्तर संघाला 50,000 मिळत असत. ज्या बायकांच्या सहीवर बँक लाखांचं कर्ज देते, त्यांच्या सहीवर अभ्यासिकेला 84,000 द्यायला देणगीदार कचरतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि बदलता येण्यासारखंही.

माझं म्हणणं सरळ आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या, सगळी कागदपत्रं चोख असलेल्या एखाद्या जुन्या न्यासानं ‘वस्ती निधी’ उघडावा. 10,000 ते एक लाख एवढीच रक्कम द्यायची. गटाकडे पैसे न देता भाड्याची, मानधनाची, वह्यांची बिलं न्यासानंच परस्पर भरायची. म्हणजे हिशेब न्यासाच्याच ताळेबंदात राहतो आणि कंपन्यांचा सीएसआर पैसाही त्यात येऊ शकतो. अर्ज मराठीत, एका पानाचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावा, कार्यकर्त्यानं लिहून घ्यावा. ठरवणारी समिती वस्त्यांमधल्या बायकांची आणि तरुणांची असावी, अधूनमधून बदलती. निवडणुकीला उभं राहणारा किंवा राहिलेला कुणीही त्यात नको. ठाण्यात हे आधीच स्पष्ट करावं लागेल, कारण आपल्याकडे मदतीमागोमाग फ्लेक्स येतो, आणि फ्लेक्सवरच्या चेहऱ्याचे उपकार मग वस्तीला पाच वर्षं फेडावे लागतात.

पैसे खाल्ले तर? खातील, कुठे तरी, कधी तरी. 41 क च्या परवानगीतही घोटाळे होतात, म्हणून कुणी गणेशोत्सवाची वर्गणी बंद करा म्हणत नाही. जमाखर्चाचा कागद अभ्यासिकेच्या दारावर लावला की खोलीचं खरं भाडं किती, हे शेजारच्या बाईला सीएपेक्षा चांगलं कळतं.

इथल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे की आपापल्या गावाला आणि शाळेला सुटी सुटी मदत पाठवण्याऐवजी, भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी अशा निधीत थोडे थोडे पैसे टाकावेत, आणि ते कुठे जावेत हे सांगू नये. आपण सोडून आलो तेव्हाचं ठाणं आपल्या डोळ्यांपुढे असतं. तेव्हा दिघ्याला स्टेशनही नव्हतं, ते 2024 मध्ये झालं. आज तिथे काय हवंय ते तिथल्यांना विचारावं. आमच्यासारख्या परदेशी नागरिकांना पैसे देता येत नाहीत, पण अर्ज नीट मांडायला मदत करता येते, सीएशी बोलता येतं, न्यासाच्या विश्वस्तांना पटवता येतं.

एक गोष्ट वेळेची. शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते. जूनमध्ये अर्ज मागवून दिवाळीनंतर निर्णय दिला तर त्या वर्षीच्या मुलांना काहीच उपयोग नाही. अर्ज मार्चमध्ये घ्यावेत, एप्रिलमध्ये समितीनं खोल्या बघून याव्यात आणि जूनचं भाडं न्यासानं भरावं. ताईनं दोन न्यासांशी बोलणं सुरू केलंय. विश्वस्तांनी मागितलेला एक पानी अर्जाचा नमुना मी तयार करतेय.