कृपया उजवीकडे बसा

लहानपणी मला गालगुंड झाले आणि जाताना ते डाव्या कानाचे ऐकणे घेऊन गेले. गालगुंडाचा विषाणू कानापर्यंत क्वचितच पोचतो आणि पोचलाच तर बहुधा एका कानावर समाधान मानतो, एवढा त्याचा समजूतदारपणा मान्य करायला हवा. अशा माणसाला कोणी बहिरा म्हणत नाही आणि धड ऐकणाऱ्यांतही धरत नाही. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देण्याची सोय नसल्यामुळे माझ्या कानात पडलेले सगळे आतच साठून राहत असावे, असा घरच्यांचा समज आहे, आणि तो सपशेल चुकीचा आहे.

खरा छळ ऐकू न येण्याचा नसून, आलेला आवाज कुठून आला हे न कळण्याचा आहे. कोणताही आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. माझ्या मेंदूपुढे एकाच साक्षीदाराची जबानी होत असल्यामुळे निकाल कायम उजव्या बाजूने लागतो. रस्त्यात कोणी हाक मारली की मी प्रथम उजवीकडे, मग मागे आणि शेवटी सज्जांकडे पाहतो, आणि हाक मारणारा गृहस्थ हा सारा व्यायाम डावीकडे दोन हातांवर उभा राहून पाहत असतो. हरवलेला फोन दुसऱ्या फोनवरून वाजवून शोधावा, असे लोक सुचवतात. वाजवल्यावर तो मला घरभर वाजत असलेला ऐकू येतो.

बैठकीत मला डावीकडे भिंत असलेली खुर्ची लागते. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या बाजूचे काम तिने सांभाळले तर माझी हरकत नाही. ती खुर्ची मिळाली नाही, तर डावीकडच्या माणसाशी माझे संबंध बिघडणार हे निश्चित असते, कारण न ऐकलेल्या बोलण्याला मान डोलावून हसण्याची मला सवय आहे आणि सगळीच माणसे हसण्यासारखे बोलत नाहीत. दोन कानांच्या माणसाला गोंगाटातून हवे तेवढे बोलणे निवडून घेता येते. मला सगळा गोंगाट आणि बोलणे एकत्र कालवून मिळते. शहरात तर प्रत्येक नव्या ओळखीला माझ्या कानाचा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागत असे, आणि तो सांगून होईपर्यंत समोरचा माणूस नेमका डावीकडे सरकलेला असे.

म्हणून मी खेड्यात राहायला आलो. खेड्यात कोणतीही गोष्ट खासगी राहत नाही, याबद्दल पुष्कळ लोक तक्रार करतात, पण माझा तर त्यावरच निभाव लागला. माझा कोणता कान कामाचा आहे हे मी एकालाच सांगितले आणि पुढे कोणालाच सांगावे लागले नाही. अनोळखी माणसेही आपण होऊन उजवीकडे येऊन बोलू लागली. येथे हाक लांबून, हात उंचावून मारतात, त्यामुळे दिशेचे काम डोळ्यांवर भागते. रात्री कुत्र्यांनी गाव डोक्यावर घेतले, तर मी उजवा कान उशीत दाबून कूस बदलतो आणि शांत झोपतो. गावात माझा हेवा होतो तो एवढ्यापुरताच. खोलीत शिरलेला रातकिडा मात्र मला आजवर सापडलेला नाही. त्याचे दोन्ही कान पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या खाली असतात; मी येत असल्याचे त्याला पायांनी कळते आणि तो कुठे आहे हे मला डोक्यानेही कळत नाही.

हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका तरुणपणीच बहिरी झाली होती आणि नळीसारखे कर्णयंत्र कानाला लावून लोकांचे बोलणे ऐकत असे. १८४६ मध्ये ती अँबलसाइड या डोंगराळ गावी स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेली. तिथे तिने गायी पाळल्या आणि लेखनही जोरात चालवले. तिचा हा बेत मला पूर्ण पटतो, गायींचा भाग वगळून.

लेखनात मला सर्वांत आवडते ते हे, की कागदावरच्या माणसाला डावी-उजवी बाजू नसते. माझी पात्रे एकमेकांत कितीही कुजबुजली तरी मला शब्द न् शब्द ऐकू येतो आणि कोणी कोणाला कोठून हाक मारली हे मीच ठरवत असल्यामुळे माझी दिशा चुकत नाही. या आसऱ्यात मी काही काळ फार सुखात होतो. मग एकदा मी घरी कौतुकाने सांगितले, की ऐकू येईनासे झाल्यावर बेथोव्हेनला भेटायला येणारे लोक १८१८ च्या सुमारापासून आपले म्हणणे वहीत लिहून देत. तेव्हापासून माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक वही असते आणि तीत पाण्याची टाकी, गळके छप्पर, न केलेले फोन अशी माझी कामे सुवाच्य अक्षरांत मांडलेली असतात. पूर्वी अशी कामे डाव्या बाजूने सांगितली गेली असे म्हणून मोकळे होता येत असे. काल मी अक्षर लागत नसल्याची तक्रार केली, तर आज सगळी यादी मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे आणि तिच्याखाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली आहे.