अंग बाहेर येणं आणि केगेल व्यायाम

‘अंग बाहेर येण्यावर’ (गर्भाशय किंवा मूत्राशय योनीत खाली सरकण्यावर) फिजिओथेरपीचा उपयोग होतो हे या विषयावरच्या लेखात आलं, बरं वाटलं. पण केगेल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम, त्यात दोन ओळींत उरकलाय, आणि खरी मेख तिथेच आहे. मी कितीतरी महिने घरी चुकीचंच करत होते. आवळण्याऐवजी श्वास रोखून खाली जोर द्यायचे, त्यामुळे खालचा जडपणा वाढतच गेला. फिजिओथेरपिस्टने तपासून शिकवलं तेव्हा कळलं: लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, मांड्या सैल, श्वास चालू. मग पूर्ण सैल सोडायचं, तेही तितकंच महत्त्वाचं. (लघवी मध्येच थांबवून सराव मात्र करू नका.) शिंकण्याआधी, वजन उचलण्याआधी आवळायची सवय लागली, त्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ४४७ स्त्रियांच्या अभ्यासातही प्रत्येकीला वेगळा शिकवलेल्या व्यायामाने वर्षभरात त्रास कमी झालेला दिसला. योनीत खाली आलेला फुगवटा त्यानं नाहीसा होईलच असं नाही. बद्धकोष्ठता आणि जुनाट खोकल्यावर इलाज हवाच, नाहीतर मेहनत वाया जाते. पेसरीबद्दलही (खाली आलेल्या अंगाला आधार द्यायला योनीत बसवायचं साधन) लेखिकेने सविस्तर लिहावं, शस्त्रक्रिया नको असलेल्या कितीतरी जणींना ती माहीतच नसते.